प्रार्थना सुचत नाही तेव्हा

मी नर्स. रात्रपाळीत आयसीयूबाहेर बसलेले आमच्या मंडळीतले नातेवाईक विचारतात, "सिस्टर, प्रार्थनाच सुचत नाही, काय करू?" माझं उत्तर ठरलेलं. सुचवायला जाऊच नका, शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, स्तोत्र १३ उघडा.

सहाच वचनं आहेत. ओठ हलतील इतपत आवाजात वाचा. सुरुवातीलाच स्तोत्रकर्ता दावीद राजा देवाला सरळ विचारतो, मला कुठवर विसरणार? तिथून घाईने पुढे जाऊ नका. थांबा आणि आपलीही तक्रार नाव घेऊन सांगा: बिल, रिपोर्ट, भावाशी बंद पडलेलं बोलणं. देवाशी गोडगोडच बोलायचं, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे! पाचव्या वचनात तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो. तिथवर मन पोचलं नाही, तर चौथ्यावरच शास्त्र मिटा, उद्या पुन्हा उघडा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहेच.

देवाने आपल्याला सोडलं असं वाटलं, की रोमकरांस पत्र, अध्याय ८, वचनं ३८-३९. मरण, जीवन, उंची, खोली, अशी यादीच हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल देतो. यातलं काहीच ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही, म्हणतो. ती चिठ्ठीवर उतरवून रिपोर्टांच्या फायलीत ठेवा. खाली आपलं दुखणं पेन्सिलीने जोडा.

रविवारी चर्चला जा, मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. पाळकांना घरी बोलवा. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर सकाळची वाट न बघता ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवा.