तंत्रज्ञानावर भाषण देताना दुसऱ्यांचा अनुभव कसा मिळवावा

विषय एका वाक्यात लिहून काढा आणि किती मिनिटं मिळणार ते आयोजकांना विचारून घ्या. स्लाइड सगळ्यात शेवटी करा. 'आधी स्लाइड करा, मग बोलणं सुचतं' हा सल्ला साफ चुकीचा आहे.

खरी अडचण येते ती दुसऱ्यांचा अनुभव गोळा करताना. एकदा मला एका डेटाबेसवर बोलायचं होतं. तो वापरणाऱ्या चार-पाच जणांना मी विचारलं, "कसा वाटला?" सगळे म्हणाले, "चांगला आहे." तेवढ्या भांडवलावर मी बोलले आणि पहिलाच प्रश्न आला: "सर्व्हर मध्येच बंद पडला तर किती डेटा जातो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मत विचारूच नका, प्रसंग विचारा. शेवटचं कधी बंद पडलं? आधी कुणाच्या लक्षात आलं? पूर्ववत व्हायला किती तास लागले? उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, जरा थांबा; कामाची गोष्ट बहुधा त्यानंतर निघते. आवृत्ती कोणती, डेटा किती, वापरणारे किती, हेही टिपून घ्या. त्याशिवाय तो अनुभव दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही.

छापील अहवालही असेच खोदून वाचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड ऑनलाइन साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालली आणि सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. यावरून 'बॅकअप घ्या' एवढंच सांगणार असाल तर बोलू नका. बॅकअप लावलेला होताच! पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसच्या आवृत्त्या जुळत नसल्याने तो होत नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीवर, शेवटी निभावलं. हे सगळं कंपनीने स्वतःच जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. श्रोत्यांना सांगायचं ते हे: बॅकअप परत उतरवून बघा, आणि तो फसल्याचा निरोप खरंच पोचतो का तेही बघा.

ज्यांनी खासगीत सांगितलं त्यांना आपण लिहिलेला भाग आधी वाचून दाखवा. नाव नको म्हणाले तर ओळख पटेल असे आकडेही गाळा. यात हयगय केलीत तर तो माणूस पुन्हा कधी मोकळेपणाने बोलणार नाही.

मग उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून दोनदा म्हणून बघा. वेळ पुरत नसेल तर स्वतःची ओळख कापा, प्रसंगाला हात लावू नका.