आठवणीला हात लावण्याआधी : चिंता आणि आघातावर काम करू इच्छिणाऱ्या नव्या थेरपिस्टसाठी

मानसशास्त्राचे विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा त्यांना बहुधा तंत्रांची यादी हवी असते. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) कुठे शिकायची, ईएमडीआरचं (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणीवर काम करण्याच्या पद्धतीचं) प्रशिक्षण कधी घ्यायचं. या दोन्ही पद्धती मी वापरते आणि त्यांचा गुण येतानाही पाहते. पण मानसिक आघातातून आलेल्या माणसासमोर बसल्यावर पहिला निर्णय तंत्राचा नसतो. त्या आठवणीला हात कधी लावायचा, आणि आज लावायचा का, हा असतो. नव्या थेरपिस्टला घाई असते, कारण 'खरी गोष्ट' ऐकली की उपचार सुरू झाला असं वाटतं. तसं नसतं, हेच मला इथे सविस्तर सांगायचं आहे.

मी मूळची नाशिकरोडची. बी.ए. नाशिकला, एम.ए. पुण्याला आणि त्यानंतर दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. मला घडवलं ते त्या दोन वर्षांतल्या वॉर्डाने. आमच्या सुपरवायझर मॅडमचा दंडक होता : रुग्णाचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, निदानाचं नाव शेवटी. ती सवय इथे नाशिकच्या ओपीडीत रोज उपयोगी पडते. निफाड-दिंडोरीहून किंवा सुरगाण्याहून आलेला माणूस 'मला चिंता आहे' असं क्वचितच म्हणतो. 'छातीत धडधडतं', 'हातापायाला मुंग्या येतात', 'जीव घाबरा होतो', 'काहीतरी बाहेरचं असेल' असं सांगतो. ते वाक्य वहीत तसंच उतरवलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

शिक्षणाची वाट थोडक्यात सांगते. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. मग मानसशास्त्रात पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण आणि नोंदणी. एम.फिल. ही पदवी बंद करण्याचा निर्णय झाल्यापासून हे अभ्यासक्रम बदलत आहेत, म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेची मान्यता स्वतः तपासा. काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर आघाताचं काम करायला बसू नका. हे मी कठोरपणे सांगते, कारण त्याची किंमत रुग्ण मोजतो. आणि औषध लिहिणं हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. आपण त्यात पडायचं नाही.

आता चिंतेबद्दल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणारे तरुण कामगार मी बरेच पाहते. अनेकांची फाइल जाड असते. शिफ्टमध्ये अचानक घाम फुटला, हृदयविकाराचा झटका आला असं वाटून दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल; पुन्हा तेच, पुन्हा ईसीजी. इथे आधी शारीरिक तपासणी पूर्ण झाली आहे ना, ते पाहा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि चहा-तंबाखू किती, हेही विचारा. ते नीट असेल तर पॅनिकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचं, चक्र कागदावर काढून दाखवा. भीतीने श्वास जोरात सुरू होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. त्या मुंग्यांचा अर्थ 'आता मी जाणार' असा लावला जातो आणि भीती दुप्पट होते. ही लाट साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर गाठते आणि मग ओसरते, पण माणूस त्याआधीच पळालेला असतो, त्यामुळे ती आपोआप ओसरते हे त्याला कधी कळतच नाही.

म्हणून मी खोलीतच ती लक्षणं मुद्दाम आणवते. जोरजोरात श्वास, जागच्या जागी धावणं, फिरत्या खुर्चीत गरगरणं. अर्थात डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितल्यावरच. छाती धडधडते, काही वाईट घडत नाही आणि शरीर ते शिकतं. नवे थेरपिस्ट इथे कच खातात आणि लगेच 'दीर्घ श्वास घ्या' म्हणतात. पण पॅनिकच्या रुग्णासाठी तो दीर्घ श्वासही कुबडी होऊ शकतो : श्वास घेतला म्हणून वाचलो, असं त्याला वाटतं. जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी दर काही भेटींनी भरून घ्या. ० ते २१ मधला आकडा उतरताना रुग्णाला स्वतःला दिसला पाहिजे. विचारांवर काम करताना मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत जवळची वाटते. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, त्यामुळे 'असं झालंच पाहिजे' हा हट्ट तपासायला आपल्याकडे घरातली भाषा तयार आहे.

आघाताचं काम याहून संथ. तपशील बदलून एक उदाहरण देते. मुंबई-आग्रा महामार्गावर वर्षानुवर्षं गाडी चालवणारा एक चालक. कसारा घाटात अपघात झाला, शेजारी बसलेला क्लीनर गेला. चार महिन्यांनीही ब्रेकचा आवाज आला की हा दचकायचा, झोपेत ओरडायचा, घाटाचं नाव काढलं की उठून जायचा. त्याच्या बायकोला वाटत होतं की एकदा सगळं बोलून टाकलं की मोकळा होईल. मी पहिल्या भेटींमध्ये अपघाताचा तपशील विचारलाच नाही. झोप, दारू, आत्महत्येचे विचार, घरात आधार कोणाचा, कर्जाचे हप्ते कोण भरतंय, एवढंच. मग मन भूतकाळात ओढलं गेलं तर आत्ताच्या खोलीत परत कसं यायचं, ते शिकवलं : पाय जमिनीवर दाबायचे, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, ऐकू येणारे आवाज मोजायचे. हे त्याला घरीही जमायला लागल्यावरच आम्ही आठवणीकडे वळलो. तेव्हा मात्र टाळाटाळ केली नाही. त्याने अपघात डोळे मिटून, वर्तमानकाळात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा सांगायचा. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे आणि वहीत लिहायचे. बरोबरीने प्रत्यक्ष पायऱ्या : उभ्या गाडीत बसणं, वस्तीत चालवणं, इगतपुरीपर्यंत जाणं, शेवटी सोबत कोणी घेऊन घाट. क्लीनरबद्दलचा अपराधभाव सर्वांत उशिरा बाहेर आला आणि त्यालाच सर्वाधिक वेळ द्यावा लागला.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. घटनेनंतर पहिल्या महिन्यात पीटीएसडीचं (आघातानंतर रेंगाळणाऱ्या मानसिक विकाराचं) निदान करता येत नाही, कारण लक्षणं महिन्याहून अधिक काळ टिकावी लागतात आणि बरेच लोक आपल्या माणसांत हळूहळू सावरतात. आणि घटनेनंतर लगेच सर्वांना बसवून तपशील वदवून घेणं उपयोगाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला नकार दिला आहे; पीटीएसडीसाठी मात्र आघातकेंद्री सीबीटी आणि ईएमडीआर सुचवलं आहे. नाशिकच्या विद्यार्थ्यांनी हे आत्ताच शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. २००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २०२७ च्या सिंहस्थात तुमच्यातले बरेच जण स्वयंसेवक असतील. गर्दीत हरवलेल्या, हादरलेल्या माणसाला पाणी द्या, सुरक्षित जागी बसवा, नातेवाइकांशी फोन जोडून द्या. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर शेजारी बसा. मानसिक प्रथमोपचार तो हाच, त्यात थेरपी नसते.

गोपनीयतेचा प्रश्न आपल्याकडे घरच्यांमुळे येतो. भेट संपते न संपते तोच आई दारात विचारते, 'काय म्हणाली हो ती?' मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून सांगते की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. घरच्यांना वेगळा वेळ देते, त्यांच्या काळजीला उत्तर देते, पण खोलीतलं बोलणं खोलीतच. अपवादही त्याच दिवशी सांगते. जिवाला धोका असेल तेव्हा, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तेव्हा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. मुलाने विश्वासाने सांगितल्यावर हा नियम पुढे काढणं म्हणजे त्याची दुसऱ्यांदा फसवणूक, म्हणून आधीच सांगा.

सुपरविजनवर, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपलं काम तपासून घेण्यावर, पैसे खर्च करा. सुरुवातीची कमाई तुटपुंजी असते, मला ठाऊक आहे, तरीही करा. ऐकलेलं घरी येतं, झोपेत येतं, चिडचिडीत उतरतं. आघाताच्या भेटी एका दिवसात लागोपाठ ठेवू नका, मध्ये हलकी केस किंवा मोकळा तास असू द्या. आणि पहिला रुग्ण घेण्याआधी फोनची यादी तयार ठेवा : विश्वासाचे मानसोपचारतज्ज्ञ, एक फिजिशियन, कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं पाहणारे वकील, जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक. तो रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रुग्णाकडून पहिल्याच भेटीत तो त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या.