सेव्रच्या पक्ष्यांच्या प्लेटा: घेताना आणि धुताना या चुका टाळा

प्लेट हातात आली की लोक ती उलटी करतात आणि निळ्या रंगात गुंफलेले दोन 'एल' दिसले की पाकीट काढतात. पहिली चूक इथेच होते. फ्रान्समधल्या सेव्रच्या चिनी मातीच्या राजकारखान्याची ही खूण 19 व्या शतकात इतक्यांनी उचलली, की नुसत्या तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

उलटी केलीच आहे, तर नीट वाचा. दोन 'एल'च्या मधोमध वर्षाचं अक्षर असतं. 'ए' म्हणजे 1753, 'झेड' म्हणजे 1777, पुढे 1778 पासून 'एए'. ब्युफों या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या पक्षिग्रंथावरून रंगवलेल्या संचात तर पाठीवर पक्ष्याचं नावही सापडतं. काउंट द आर्त्वा, म्हणजे खुद्द लुई सोळाव्याचा भाऊ, अशा संचाचा गिऱ्हाईक. ग्रंथातली चित्रं मार्तिनेची, खंड निघाले 1770 ते 1783 या काळात. आता पाठीवर ब्युफोंचा पक्षी आणि अक्षर मात्र 'एफ', म्हणजे 1758? प्लेट तिथेच ठेवा.

खूण खरी पण रंगकाम नंतरचं, हा प्रकार जास्त फसवा. 1800 मध्ये कारखान्याची सूत्रं हाती आल्यावर ब्रोन्यार यांनी जुना कोरा माल विकून टाकला; तो पॅरिसमध्ये, इंग्लंडमध्ये बाहेरच्यांनी रंगवला. अशा वेळी पक्ष्यापेक्षा त्याच्या फांदीची पानं बघावीत. क्रोमियमचा हिरवा रंग 19 व्या शतकातला, जरा पिवळट. त्याआधीचा तांब्याचा हिरवा निळ्याकडे झुकतो. जुनी झिलई पुन्हा भट्टीत गेली की तिच्यावर बारीक काळे ठिपकेही उठतात. भिंग हवंच.

सोन्याचा मुलामा झिलईच्या वर असतो, त्यामुळे डिशवॉशर, घासणी आणि मायक्रोवेव्ह, तिन्हींना रजा. प्लेटा एकावर एक ठेवायच्या तर मध्ये फ्लॅनेलचा तुकडा घाला. भिंतीवर टांगायचं स्प्रिंगच्या तारेचं हॅंगर काठाचे टवके काढतं.

आणि गरम पाणी. जुना सांधा असेल तर डिंक सुटतो. माझ्या बाबतीत सुटला: कोमट म्हणून जरा जास्तच ऊन पाणी घेतलं, तर बेसिनच्या तळाशी पोपट एकीकडे आणि त्याची शेपटी दुसरीकडे. घेण्याआधी दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारली असती, तर सांधा तेव्हाच वेगळा चमकला असता.