गुऱ्हाळावर पाऊस: गोड-मातकट परफ्यूम घरच्या घरी

गुऱ्हाळं चालतात थंडीत आणि मृद्गंध येतो जूनमध्ये. काकवी आणि ओली माती एकाच वेळी हुंगायची तर अवकाळी पावसाची वाट बघा, नाहीतर दोन्ही बाटलीत जमवा. ही कृती २० ग्रॅमची, म्हणजे साधारण २४-२५ मिली स्प्रेची आहे. बाटली ३० मिलीची, गडद काचेची घ्या.

आधी काटा. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा हवा. थेंब मोजून चालत नाही, कारण संत्र्याच्या पातळ तेलाचा थेंब आणि वाळ्याच्या चिकट तेलाचा थेंब एका वजनाचे नसतात. एकदा जमलेला वास पुन्हा जमवायचा असेल तर प्रत्येक वजन वहीत लिहा.

अल्कोहोल परफ्यूमसाठीचंच, ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल, सुगंधाचा कच्चा माल विकणाऱ्यांकडून. रबिंग अल्कोहोलला स्वतःचाच दवाखान्यासारखा वास असतो. रंगाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, ते अंगाला लावायचं नाही. काम करताना जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटतं नको.

प्रमाण ग्रॅममध्ये असं:

पॅचौली (पाच या सुगंधी वनस्पतीचं) तेल ०.५०
मिट्टी अत्तर ०.५०
वाळ्याचं तेल ०.४०
व्हॅनिलिनचे (व्हॅनिलाच्या वासाचे) स्फटिक ०.३०
लोबान रेझिनचं ५० टक्के द्रावण ०.३०
गोड संत्र्याचं तेल ०.२५
नागरमोथ्याचं तेल ०.१०
वेलचीचं तेल ०.०५
एथिल माल्टॉलचं ५ टक्के द्रावण ०.६०
उरलेलं १७.०० इथेनॉल

मिट्टी अत्तर उत्तर प्रदेशातल्या कनौजचं. भाजलेली माती पाण्यासकट देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, घालून उकळतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या, म्हणजे अत्तर गोळा करायच्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात. चंदन महाग झाल्यापासून अनेक ठिकाणी चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन वापरतात, आणि पॅराफिन अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. म्हणून आधी चाचणी घ्या: १ मिली इथेनॉलमध्ये एक थेंब टाकून हलवा. गढूळ झालं किंवा तळाशी तेलाचे मणी दिसले तर ते अत्तर इथे निरुपयोगी. स्वच्छ राहिलं म्हणजे चंदनच आहे असं नाही, पण या कामापुरतं चालेल.

मातीच्या वासामागे जिओस्मिन हा पदार्थ असतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू तो बनवतात, आणि बीटरूटला येणारा मातकट वासही त्याचाच. माणसाच्या नाकाला तो एक लाख कोटी भागांत मोजके भाग असला तरी कळतो. त्यामुळे मिट्टी अत्तर दुप्पट केलं तर पाऊस दुप्पट होत नाही, तळघरातले बटाटे आठवतात. माती गडद करायची असेल तर उटण्यातला ओळखीचा नागरमोथा किंवा वाळा ०.०५ ने वाढवा.

गोडवा सांभाळणं त्याहून अवघड. एथिल माल्टॉलला जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'चा, जळू लागलेल्या साखरेचा वास असतो. पॅचौलीबरोबरची त्याची जोडी म्युगलेर या फ्रेंच ब्रँडच्या १९९२ सालच्या 'एंजल' परफ्यूमने गाजवली. ०.५ ग्रॅम पूड ९.५ ग्रॅम इथेनॉलमध्ये विरघळवून द्रावण करा. पूड लोखंडी चमच्याने घेऊ नका, लोहाचा अंश मिसळला की ते गुलाबी-लालसर होतं.

आता कृती. रिकामी बाटली काट्यावर ठेवून शून्य करा. व्हॅनिलिन टाका, ५ ग्रॅम इथेनॉल ओता आणि स्फटिक पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. मग पॅचौली, वाळा, नागरमोथा, लोबान. वाळ्याचं तेल ओघळत नसेल तर त्याची बंद कुपी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. त्यानंतर मिट्टी अत्तर, संत्रं, वेलची. माल्टॉलचं द्रावण सगळ्यात शेवटी, ०.२० चे तीन हप्ते करून, आणि दर हप्त्याला कागदी पट्टीवर वास घेऊन. दुसऱ्या हप्त्यालाच काकवी पुढे आली तर थांबा. जास्त पडलेलं काढता येत नाही, बाकी सगळं वाढवत बसावं लागतं. शेवटी इथेनॉलने एकूण वजन २०.०० ग्रॅमला आणा.

गूळ खरा वाटावा म्हणून एक खोडी करता येते: सोटोलॉनच्या ०.१ टक्के द्रावणाचा एकच थेंब. हा मेथीतला मुख्य गंध, उसाच्या कच्च्या साखरेतही सापडतो. दोन थेंबांत मात्र गुळाचा मेथीचा लाडू होतो.

झाकण घट्ट लावून बाटली अंधाऱ्या कपाटात तीन-चार आठवडे ठेवा. पहिल्या दिवशी अल्कोहोल झोंबेल आणि संत्रं-वेलची आरडाओरडा करतील, त्यावरून प्रमाण बदलू नका. नंतर दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून कॉफीच्या फिल्टर कागदातून थंड असतानाच गाळा. लोबानचा गाळ तेव्हाच सुटतो. न गाळता भरलं तर स्प्रेची नळी तुंबते.

रंग हळूहळू तपकिरी होईल. व्हॅनिलिन उजेडाने काळवंडतं, वास बिघडला असं नाही. पांढऱ्या कुर्त्यावर मात्र मारू नका, डाग पडतो.

तपासताना पट्टीवर दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या. सकाळी नुसती साखर उरली असेल तर पुढच्या खेपेला वाळा वाढवा. अंगाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास थांबा.

तेलातला रोल-ऑन याच प्रमाणात करू नका. व्हॅनिलिन खोबरेल किंवा होहोबा तेलात नीट विरघळत नाही, थंडीत तळाशी स्फटिक बसतात. आणि मैत्रिणींना भेट देण्यापलीकडे जाऊन विकायचा विचार असेल, तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना आधी काढा.