‘माझ्याकडून तूच घे काहीतरी’ : मुलांच्या भेटवस्तूंच्या बाबतीत या चुका टाळा

वाढदिवसाच्या चार दिवस आधी पुण्याहून नणंदेचा फोन येतो. "वहिनी, मला इथून काही सुचतच नाहीये गं. तूच घे ना तिच्यासाठी काहीतरी छानसं, माझ्याकडून. पैसे पाठवते." पाठोपाठ नागपूरची मावशी, मग ग्वाल्हेरचे मामा. आम्हा इंदूरकर मराठी घरांत निम्मे नातेवाईक महाराष्ट्रात आणि उरलेले मध्य प्रदेशभर पांगलेले, त्यामुळे हे वर्षातून तीन-चारदा ठरलेलंच. बोरन्हाण, वाढदिवस, भाऊबीज, आणि घरात मुंज असेल तर विचारायलाच नको. मागणीमागे माया असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण राजवाड्याजवळच्या बाजाराच्या गर्दीत तिघांच्या नावाने तीन वस्तू शोधत फिरते ती आई, आणि पुष्कळदा पैसेही तिच्याच पर्समधून जातात. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत यातल्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत. तुमच्या होऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

फोनवरच ‘हो’ म्हणून मोकळं होणं

भिडेपोटी "हो, घेते की" म्हणतो आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं, किती रुपयांपर्यंत, काय, कधीपर्यंत, काहीच ठरलेलं नाही. पैशांचं विचारायला जीभ रेटत नाही हे मी समजू शकते. म्हणून आकडा विचारू नका, दोन आकडे पुढे ठेवा. "ताई, पाचशेच्या आसपास बघू की हजारपर्यंत?" समोरच्या माणसालाही अवघडल्यासारखं होत नाही, तो दोन्हींतला एक सांगून टाकतो.

नवऱ्याच्या बहिणीचा फोन मलाच का येतो, हेही मी बरीच वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. आता आमच्यात वाटणी आहे. त्याच्याकडच्यांचं तो बघतो, माझ्या माहेरचं मी. पहिल्याच खेपेला खजुरी बाजारात दोन तास रंगपेट्या उलटसुलट करून तो घरी आला आणि त्यानेच बहिणीला फोन करून सांगितलं, "पुढच्या वेळी तू ठरवून सांग, मी फक्त आणून देईन." हेच मी बोलले असते तर महिनाभर घरात चर्चा झाली असती.

आधी खर्च, मग वाट बघणं

एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत मी डायरीच्या मागच्या पानावर हिशेब लिहून ठेवला. पाच वस्तू, ४,३५० रुपये. त्यातले परत आले २,१००. कुणी बुडवायच्या इराद्याने बोललं नव्हतं, लोक खरोखरच विसरतात, आणि आपण आठवण करत नाही.

यावर मला लागू पडलेला उपाय साधा आहे. दुकानात उभं राहूनच वस्तूचा फोटो, किंमत आणि आपला क्यूआर कोड एकदम पाठवायचा. "हे कसं वाटतंय? ६४० आहे. दुकानातच आहे, तुमचं आलं की घेते." बहुतेक वेळा पाच मिनिटांत पैसे येतात. नाही आले तर वस्तू तिथेच ठेवून यायचं. पैसे आधीच अडकले असतील तर आठ दिवसांनी एकदाच, बिलाच्या फोटोसकट, त्या माणसालाच निरोप पाठवा. घराच्या ग्रुपवर तर मुळीच नको. तेवढ्यानेही काही झालं नाही तर ते पैसे सोडून द्या, फक्त पुढच्या वेळी आधी खर्च करू नका.

यूपीआय न वापरणाऱ्या आजी-आजोबांना या हिशेबात ओढू नये असं माझं ठाम मत आहे. ते येतील तेव्हा नातवाच्या हातावर शंभराची नोट ठेवतील. मुलासाठी तीच भेट.

वर आपली भर घालणं

मामांनी पाचशे पाठवले, स्केट्स नऊशेचे आवडले. आपण चारशे घालतो आणि सगळं मामांच्या नावावर देतो. मग मामींच्या भाचरांच्या कानावर जातं, त्यांनाही तेवढंच महाग हवं असतं आणि मामा कात्रीत सापडतात. भर घालायची असेल तर "मामा आणि आम्ही मिळून" असं म्हणा.

मुलांना खोटं सांगणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती मी सर्वांत प्रेमाने केली होती.

गेल्या वर्षी आत्याच्या नावाने मी चित्रकलेचा संच आणला, कागदात गुंडाळला, वर चिठ्ठी लावली: ‘लाडक्या बाळाला, आत्याकडून’. मुलीने कागद फाडला नाही. चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तू लिहिलंयस. आत्याचा ल असा नसतो." खरं होतं. आत्या पुण्याच्या शाळेत शिकलेली, तिचा ल दोन पाकळ्यांचा. मी इंदूरच्या हिंदी माध्यमातली, माझा ल उभ्या दांडीचा. भाऊबीजेला आत्याने कधीतरी पाठवलेलं शुभेच्छापत्र मुलीच्या कप्प्यात होतं आणि तिने ते अक्षर नीट पाहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "आत्यानेच सांगितलं होतं लिहायला." ती म्हणाली, "मग आत्याला माहितीये का आत काय आहे?" माहीत नव्हतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आत्याने विचारलं, "आवडली का बाहुली?"

मुलीचा चेहरा मी विसरलेली नाही. तिला संच आवडला होता. पण आपल्यासाठी कुणी काय निवडलं, हे शोधायला ती आत्याकडे गेली आणि तिथे काहीच सापडलं नाही.

तेव्हापासून मी खरं सांगते. "आत्याने पैसे पाठवले, मी दुकानातून आणलं, रंग आत्याने निवडला." मुलांना यात काही कमी वाटत नाही. मात्र शेवटचा भाग खरा असायला हवा, म्हणजे आत्याने खरोखरच काहीतरी निवडलेलं असावं. त्यासाठी फोन थेट मुलीच्या हातात द्या, दोघींना बोलू द्या. दुकानातून दोन वस्तूंचे फोटो पाठवा आणि एक निवडायला सांगा. चिठ्ठी त्यांनीच चार ओळींची लिहून फोटो पाठवावा, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला रंगीत प्रिंट काढून देतो. वस्तू घेतल्यावर तिचा फोटो त्यांना आधी पाठवा, नाहीतर आमच्यासारखी बाहुली मध्येच येते.

घाईत उचललेलं खेळणं

दुसऱ्याच्या नावाने घ्यायचं असलं की आपणही पटकन उरकतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तरी रस्त्यावरच्या ढिगात ते नसलेली खेळणी सर्रास दिसतात. चिन्ह बघा. बॅटरीचं असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का, तेही बघा. बटणाएवढा चपटा सेल मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते, त्याक्षणी रुग्णालय गाठावं लागतं. नाव मामांचं असलं तरी मूल आपलं आहे.

‘मला जमतच नाही’ म्हणणाऱ्यांना वाऱ्यावर सोडणं

काहींना खरंच सुचत नाही. त्यांना "बघा काहीतरी" म्हटलं की चेंडू परत आपल्याच अंगणात. नेमकं सांगा. वयाला योग्य वस्तूची लिंक पाठवा, पत्ता आमचा, नाव मुलीचं, ऑर्डर त्यांनी करायची. पार्सलवर स्वतःचं नाव बघून मुलं किती उड्या मारतात! किंवा मासिकाची वर्गणी सुचवा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, आणि आमच्याकडची मुलं हिंदीही वाचतात म्हणून भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ही चालतं, ते १९८५ पासूनचं. अंक पुन्हा पुन्हा घरी येतो आणि प्रत्येक वेळी मामांची आठवण निघते.

मोठी रक्कमच द्यायची असेल तर ती मुलीच्याच नावे जाऊ द्या. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत पालकांना तिच्या नावे सुकन्या समृद्धी हे सरकारी बचत खातं उघडता येतं. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख रुपये. पाकिटातले पैसे किराणा-दुधात मिसळून जातात, माझेही गेले आहेत, आणि मग ते कुणाचे होते हे कुणालाच सांगता येत नाही.

नाराजी आली तर

येते. चिठ्ठी तुम्हीच लिहा म्हटल्यावर नणंदबाई दोन दिवस गप्प होत्या. मी सफाई दिली नाही, मुलीला फोन लावून दिला. तिने सांगितलं, "आत्या, मला तुझ्या अक्षरातलं हवंय." पुढच्या आठवड्यात पाकीट आलं.

नागपूरच्या मावशीचं थोडं वेगळं झालं. यंदा धाकट्याच्या बोरन्हाणाला तिने नेहमीसारखं "हलव्याचे दागिने तिकडेच घे" म्हटलं. मी म्हटलं, "मुकुट, हार, बाजूबंद इथे घेते. बासरी तेवढी तू कर." तिने बासरी केली आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीबरोबर पाठवली. डबा उघडला तर निम्मा हलवा सुटून तळाशी पडला होता. काळं झबलं घातलेल्या धाकट्याने बासरी बाजूला ठेवली आणि आधी तळातला हलवा वेचून खाल्ला. मावशी व्हिडिओवर बघत होती.