जुन्या बर्गरची चव नव्या हातात देताना

घरचं बर्गरचं हॉटेल पुढच्या पिढीकडे येतं तेव्हा पाककृतीची वही हाती पडते, पण तिच्यात ‘मीठ अंदाजे’, ‘तवा तापला की’ एवढंच असतं. हा अंदाज जुना हात कामावर आहे तोवरच मोजून घ्या.

आठवडाभर वजनकाटा आणि तापमापक घेऊन त्या जुन्या आचाऱ्यांच्या शेजारी उभं राहा. मध्येच प्रश्न विचारू नका, विचारलं की हात बिचकतो. त्यांनी वळलेले वीस गोळे तव्यावर जाण्याआधी तोला. मिठाचा डबा सकाळी आणि रात्री तोलून फरकाला त्या दिवसाच्या बर्गरच्या संख्येनं भागा. एका बर्गरला किती मीठ, ते त्यातून निघतं.

बीफच्या खिम्यात साधारण 20 टक्के चरबी हवी. मांस 4 अंश सेल्सियसखाली ठेवा, यंत्राची पातीही गार करा. मांस कोमट झालं की चरबी दळताना माखते आणि तव्यावर भराभर वाहून जाते, पॅटी कोरडी पडते. मीठ खिम्यात मळू नका. मिठानं प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात आणि पॅटी सॉसेजसारखी चिवट होते. तव्यावर टाकताना वरून भुरभुरा.

जुना तवा मात्र सांभाळाच. अमेरिकेतल्या न्यू हेवनचं ‘लुईज लंच’ हे बर्गरचं हॉटेल 1895 पासून एकाच कुटुंबाकडे आहे. तिथे आजही 1898 च्या बिडाच्या उभ्या शेगड्यांवर बर्गर भाजतात, टोस्टमध्ये देतात आणि केचप देत नाहीत. तव्यावरचा काळा थर म्हणजे तेल भाजून बसलेलं कवच. तारेच्या घासणीनं खरवडलं की पॅटी चिकटायला लागते. तसं झालंच तर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवा, असं चार-पाच वेळा करा. जाड हात दिला तर चिकट डाग राहतात.

दाबून केलेल्या पॅटीला तवा 200 ते 230 अंश लागतो. दाबायचं ते पहिल्या 30 सेकंदांत. नंतर दाबलं की रस बाहेर. आत 71 अंश झालेच पाहिजेत.

शेवटी रोजच्या गिऱ्हाइकापुढे न सांगता तीन बर्गर ठेवा, दोन जुन्या हातचे आणि एक तुमचा. त्यांनी तुमचा वेगळा काढला, तर मसाल्याला हात लावण्याआधी तव्याचं तापमान पुन्हा मोजा.