पार्ट हलवण्याआधी विचारा, तो कशाला धरून आहे?

मेकॅनिकल डिप्लोमा करून २०२२ मध्ये मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये डिझाइनला लागले. काम वेल्डिंग फिक्श्चरचं, म्हणजे वेल्डिंग होताना जॉब (वेल्ड करायचा भाग) जागेवर धरून ठेवणाऱ्या मांडणीचं. बेस प्लेट, तिच्यावर जॉब टेकवायचे रेस्ट पॅड, त्याची जागा पक्की करणाऱ्या लोकेटिंग पिना, त्याला दाबून धरणारे टॉगल क्लॅम्प आणि क्लॅम्प धरणारे ब्रॅकेट. थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर फ्रीकॅड, तेव्हाची ०.२० आवृत्ती. क्लासमध्ये मी सॉलिडवर्क्स हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर शिकले होते. पार्ट काढता येत होता, असेंब्ली जुळवता येत होती, पण जुळवलेलं काही बदलायची वेळ आली की काय काय हलतं, हे कुणी दाखवलं नव्हतं. आमच्याकडे आता नवीन मुलं येतात, त्यांना पहिल्या आठवड्यात मी हेच दाखवते.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. वेल्डिंग गन आत जायला जागा हवी म्हणून बेस प्लेटमध्ये ६ मिमी खोल खाच घ्यायची होती. मी प्लेटच्या मॉडेलमध्ये खाच घेतली, रिकम्प्यूट केलं (मॉडेल नव्याने बांधून घेतलं), कुठेही चूक दाखवणारी लाल खूण आली नाही. ब्रॅकेटचं पहिलं स्केच (ज्यावरून आकार उभा राहतो ते सपाट चित्र) मी प्लेटच्या वरच्या फेसला, म्हणजे पृष्ठभागाला, जोडलं होतं. खाच घेतल्यावर फेसचे नंबर बदलले आणि स्केच खाचेच्या तळावर जाऊन बसलं. अख्खा ब्रॅकेट ६ मिमी खाली गेला. वरून बघितलं तर चित्र तसंच्या तसं, त्यामुळे लक्षात येईना. क्लॅम्प जॉबपर्यंत पोहोचत नाही असं दिसलं म्हणून मी स्पेसर, म्हणजे उंची भरून काढणारा तुकडा, ६ मिमीने उंच केला आणि ड्रॉइंग खाली पाठवलं.

टूलरूममधल्या काकांनी फिक्श्चर जुळवलं, तर क्लॅम्प बंद होईना. त्यांनी हाइट गेजने उंची घेतली, ड्रॉइंग समोर धरलं आणि विचारलं, "काय गं, हा ब्रॅकेट तू कशाला धरून बसवलास?" मी म्हटलं, "प्लेटच्या वरच्या फेसला, काका." ते म्हणाले, "मग तो खाली कसा गेला?" याचं उत्तर शोधायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

फ्रीकॅडला 'वरचा फेस' असं काही कळत नाही. त्याच्या लेखी तो फेस ६ असतो. सॉलिड नव्याने बांधलं गेलं की फेसचे नंबरही नव्याने पडतात, आणि फेस ६ ही पाटी दुसऱ्याच पृष्ठभागावर लागू शकते. जोडलेली वस्तू पाटी बघून तिकडे जाते. याला टोपोलॉजिकल नेमिंगचा प्रश्न म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत यावर मोठं काम झालंय आणि त्रास बराच कमी झालाय. तरी फेसवर विसंबायची सवय मी परत लावून घेतलेली नाही. स्केच मी बॉडीच्या (पार्टच्या मॉडेलच्या) एक्सवाय प्लेनला, म्हणजे शून्य उंचीच्या आडव्या प्रतलाला, जोडते आणि अटॅचमेंट ऑफसेटच्या (जोडणीपासूनच्या अंतराच्या) झेडमध्ये, म्हणजे उंचीत, प्लेटची जाडी देते. जाडी स्प्रेडशीटमधून घेतली तर २० ची २५ झाल्यावर ब्रॅकेट बरोबर ५ मिमी वर येतो. खाचा कितीही घ्या, प्लेन जागचं हलत नाही.

यात दोन ठिकाणी नवीन मुलं हमखास अडतात. पहिलं म्हणजे प्लेसमेंट, वस्तूची जागा सांगणारे आकडे. वस्तू कशाला तरी जोडलेली असताना तिच्या प्लेसमेंटमध्ये टाकलेला आकडा टिकत नाही, कारण तिची जागा जोडणीवरून ठरते. तिला सरकवायचं तर अटॅचमेंट ऑफसेट बदला. दुसरं, सपाट फेसला जोडलेल्या स्केचचा शून्य बिंदू फेसच्या मध्यावर येत नाही आणि कोपऱ्यावरही येत नाही. पार्टच्या ओरिजिनवरून (मूळ शून्य बिंदूवरून) त्या फेसवर लंब टाकला तर तो जिथे टेकेल, तिथे येतो. म्हणून प्लेट एका बाजूने ५० मिमी वाढवली की त्या स्केचमधली भोकं जुन्याच जागी राहतात आणि मुलांना वाटतं सॉफ्टवेअर चुकलं. भोकं मध्यावरच हवी असतील तर प्लेट सुरुवातीपासून ओरिजिनच्या दोन्ही बाजूंना सारखी काढा.

सॉलिडवर्क्समध्येही प्रश्न हाच, शब्द वेगळे. असेंब्लीतला पहिला पार्ट आपोआप फिक्स होतो. तो स्क्रीनवर कुठेही क्लिक करून टाकू नका, हिरवी टिक दाबा, म्हणजे ओरिजिनवर बसेल. मेट, म्हणजे दोन पार्टना एकमेकांशी बांधणारी अट, शक्यतो प्लेन आणि अक्षांना द्या. फिलेट (कड गोल करणं) किंवा चॅम्फर (कड तिरकी छाटणं) यामुळे तयार झालेल्या कडेला मेट दिला आणि उद्या फिलेट काढला, तर मेट आधार हरवून लटकतो. नावाच्या आधी कंसात वजाची खूण दिसली तर पार्ट अजून कुठल्यातरी दिशेने मोकळा आहे. पिन भोकात कॉन्सेंट्रिक (एकाच अक्षावर) केली तरी ती फिरते आणि अक्षावर सरकते, हे माउसने ओढून स्वतः बघा.

ही मोकळीक मला खरी कळली ती काकांमुळे. त्यांनी एक चौकोनी ठोकळा घेतला. खाली तीन टेकू दिले, बाजूला दोन, टोकाला एक. प्रत्येक टेकूनंतर ठोकळा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता हलव." तीन टेकूंवर तो सरकत होता आणि उभ्या अक्षाभोवती फिरत होता. बाजूचे दोन लागल्यावर फिरणं थांबलं, फक्त लांबीच्या दिशेने सरकणं उरलं. टोकाचा लागल्यावर तेही संपलं. सहा मोकळ्या दिशा, सहा टेकू. स्क्रीनवर मेट देताना मी अजूनही तोच ठोकळा डोळ्यांसमोर आणते.

सरावासाठी २०० बाय १५० बाय २० ची प्लेट काढा आणि तिच्यावर एक ब्रॅकेट बसवा. मग जाडी २५ करा, एका बाजूने रुंदी वाढवा, खाच घ्या. प्रत्येक बदलानंतर मॉडेल समोरून आणि बाजूने बघा, प्लेटच्या तळापासून ब्रॅकेटच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा आणि वहीत लिहा. ड्रॉइंग शॉपफ्लोअरला देण्याआधी मी आजही हेच करते.